बाळंतविड्यातली बाटली

आमच्या घरात विजेवरचा माग सुरू असला की मोठ्यानं बोलावं लागतं. बेळगावच्या वडगावात ज्यांच्या घरात माग आहेत त्या सगळ्यांना ही सवय असते. समोरच्याच्या कानाशी तोंड न्यायचं आणि ओरडायचं. त्यालाच ऐकू जातं, शेजारी उभ्या असलेल्यालासुद्धा कळत नाही. पाहुण्यांना वाटतं आम्ही भांडतोय. घरातल्या झाकून ठेवायच्या गोष्टी आम्ही अशाच बोलतो, ओरडून.

घर तीन खोल्यांचं. पुढं बसायची खोली, मध्ये मागाची, मागं स्वयंपाकघर. आप्पा मागावर असतात आणि आई स्वयंपाकघराच्या दाराशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरते. आई दारू प्यायची हे गल्लीला बरीच वर्षं कळलं नाही, त्याला तो आवाजही कारण असावा. ती पडली, रडली, काही बरळली, तरी बाहेर मागाचीच खडखड ऐकू जायची.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हे लिहायचं की नाही यावर खूप दिवस घातले. शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, लिही, पण नावं घालू नको. म्हणून कुणाचंच नाव घातलेलं नाही.

दीड वर्षापूर्वी आईचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी तिची पापणी ओढून बघितली आणि आप्पांना बाहेर बोलावलं. यकृत खराब झालंय, एवढंच आप्पा आत येऊन म्हणाले. त्यानंतर आईनं दारू सोडली. नुसतं ‘सोडली’ असं लिहिणंही बरोबर नाही. पहिल्या आठवड्यात तिचे हात इतके थरथरायचे की पाण्याचा तांब्या मी तिच्या तोंडाला लावायची. गोधडीवर मुंग्या चढल्यात म्हणून ती गोधडी झटकत बसायची. ते दिवस गेले. मग दवाखान्यातल्या एका सिस्टरनी बायकांच्या बैठकीचा पत्ता दिला. एका शाळेच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी दारू सोडलेल्या बायका जमतात. आई एकटी जायला तयार नव्हती, म्हणून मी बरोबर जाऊ लागले. खासबागेतून चालत जायचो. कुणी ओळखीचं भेटलं तर शिवणाच्या क्लासला चाललो म्हणायचो.

त्या खोलीत कधी सहा बायका असायच्या, कधी तीन. अर्धं बोलणं कानडीत, अर्धं मराठीत. निपाणीहून एक मावशी बसनं यायच्या. बिड्या वळणाऱ्या. बोटं सतत हलत असायची, मांडीवर पाना-तंबाखूचं सूप नसलं तरी. त्यांनी सगळ्यांत आधी दारू सोडलेली, आणि सगळ्यांत जास्त हसवायच्या त्याच. एकदा म्हणाल्या, “माझा नवरा पिऊन गटारीत पडला की चार माणसं उचलून आणायची, वर त्याच्या चपला हुडकून द्यायची. मी आपल्या घरात, आपल्या चटईवर पडली तर गल्ली गोळा झालती बघायला.” आई तेव्हा तोंडाला पदर लावून हसली. तिला हसताना मी खूप दिवसांनी बघत होते.

त्याच खोलीत मला कळलं की हे सगळं कुठून सुरू झालं. आईनं ते घरी कधी सांगितलं नव्हतं. मी जन्मले तेव्हा थंडी होती. दुसरी पण मुलगीच, म्हणून घरात कुणी फारसं बोलत नव्हतं. आमच्याकडं बाळंतिणीला रोज संध्याकाळी चमचाभर ब्रँडी कोमट पाण्यातून देतात. अंगात ऊब राहते, वारं लागत नाही म्हणतात. आत्यानं आईला दिली. आई म्हणाली, त्या घरात तेवढी एकच गोष्ट मला त्या वेळी उबदार वाटली. बाळंतपण संपलं आणि बाटली फडताळातच राहिली. पुढं ती आप्पाच आणून देत होते, कारण प्यायली की ती रडायची नाही. नंतर गल्लीच्या टोकाला एक बाई घरात विकायची, तिच्याकडं आई स्वतः जाऊ लागली.

हे ऐकताना मला कुठं बघावं कळेना. निपाणीच्या मावशींनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, “तू काय करणार बाई, तू तर पाळण्यात हुतीस.”

या वर्षी आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला खानापूरकडच्या एका गावात दिलंय. शेती आहे, भावजी बेळगावात नोकरीला येऊन-जाऊन असतात. तिच्या सासरी आईचं काहीच माहीत नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा आई पीतच होती. पाहुणे बघायला येणार त्या दिवशी आक्कानं स्वतः तिला आवरून, पावडर लावून बसवलं होतं आणि आईला बीपीचा त्रास आहे, फार बोलवत नाही, असं सांगितलं होतं. तेच पुढं चालू राहिलं.

मुलगा झाला. आई त्या दिवसापासून वेगळीच दिसायला लागली. पहाटे उठून पाणी तापवायची, पायावर घेऊन बाळाला न्हाऊ घालायची, ओव्याची धुरी द्यायची. बाळाचं अंग चोळताना तिचे हात जराही हलायचे नाहीत. आक्का बाजेवरून ते हात बघत असायची. लहानपणी मला न्हाऊ घालायला आक्काच होती, आई नव्हती. बाळाला आईकडं देताना ती एक क्षण जास्त धरून ठेवायची.

पाचवीच्या पूजेला आक्काच्या सासूबाई बाळंतविडा घेऊन आल्या. मोठ्या परातीत डिंक, खारीक, खोबरं, अळीव, बाळंतशेपा, दोन कुंच्या. सगळ्यांत शेवटी त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली बाटली काढली. पुतण्याकडून मुद्दाम गोव्याहून मागवलेली. त्यांना तिचा अभिमान वाटत होता. त्यांनी ती आईच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “सांजच्याला चमचाभर द्या. तुमाला काय सांगायचं विहीणबाई, तुमी दोन बाळंतपणं केलासा.”

आईनं बाटली घेतली. दोन्ही हातांनी घेतली, देवाचा नारळ घेतात तशी. आणि ती तशीच उभी राहिली. सासूबाई पाटावर बसल्या, पूजेचं साहित्य मांडलं, सटवाईची सुपारी ठेवली, तरी ती उभीच. मी जाऊन तिच्या हातातून बाटली काढून घेतली. बोटं सोडवावी लागली.

पाहुणे गेल्यावर आप्पांनी माग सुरू केला, म्हणजे बोलता येईल. आप्पा, आक्का आणि मी डोकी जवळ करून ओरडून बोललो. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता ओतून टाकू. आप्पा म्हणाले, विहीणबाई दोन-चार दिवसांनी येणार, कितीनं उतरली ते बघणार, त्यांना काय सांगायचं? आक्का ब्रँडीचा थेंबसुद्धा तोंडात घेणार नव्हती. तिला त्या वासानंच ओकारी यायची. शेवटी असं ठरलं की रोज संध्याकाळी मी एक चमचा मोरीत ओतायचा, म्हणजे बाटली खाली जात राहील. बाकी वेळ ती सुताच्या कपाटात कुलपात राहील आणि चावी आप्पांच्या करदोट्याला. बारशापर्यंत ढकलायचं. बारसं झालं की संपलं.

आई कांड्या भरत होती. तिला आम्ही काही विचारलं नाही. ती आमच्याकडं बघत होती. मागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला ओठांवरूनही कळतं, हे आम्ही विसरलो असं नाही, पण तसं वागलो.

मी निपाणीच्या मावशींना फोन केला. त्या पहिल्यांदाच माझ्याशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “कुलूप लावून काय करणार गं? ती बाटली कपाटात न्हाय ऱ्हात. आज रातच्याला तुझ्या आईच्या उशाला ती असणार. काढ आदी घरातनं.” मी म्हणाले, आक्काच्या सासरचं असं असं आहे. त्या म्हणाल्या, आईला बैठकीला घेऊन ये. पण बाळंतिणीचं घर, पाहुण्यांची ये-जा, त्या रविवारी जाणं झालं नाही.

त्यानंतर घरात काय बदललं ते मला नीट सांगता येणार नाही. भांडी घासल्याचा आवाज वाढला. कांडीचं सूत तुटायला लागलं. आईचं सूत सहसा तुटत नाही. तुटलं की ती गाठ मारायची, पुन्हा तुटायचं. संध्याकाळी मी चमचा मोरीत ओतायची तेव्हा ती मागच्या दारी जाऊन उभी राहायची. मोरीवर मी तांब्यावर तांबे पाणी ओतायची. तरी ती आत आली की आधी मोरीकडं बघायची, मग बाळाकडं. बाळाला ती आता अजिबात खाली ठेवेना. झोपलेलं असलं तरी मांडीवर. आक्का म्हणायची, ठेव गं त्याला, पाठ दुखेल तुझी. आई म्हणायची, असू दे. मला वाटायचं ती त्याला सांभाळतेय. आता वाटतं, तिला दोन्ही हात अडकवून ठेवायचे होते.

बारसं जवळ आलं तेव्हा सासूबाई पुन्हा आल्या, कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवायला. दुपार होती. माग चालू होता. आई मागं चहा करत होती. सासूबाईंनी आक्काचा चेहरा बघितला आणि त्यांना तो पांढरा वाटला. म्हणाल्या, बाटली आण, आज माझ्या हातानं देते, ह्या पोरी वास आला की तोंड फिरवत्यात. मी आणते म्हणून उठले आणि आप्पांच्या कानाशी जाऊन चावी मागितली.

आप्पांनी माग थांबवला नाही. नजर कापडावर ठेवूनच ते माझ्या कानात ओरडले, “चावी मिळायची न्हाय. काल तुझ्या आईनं मागितलती—”

आणि करंट गेला.

माग एकदम थांबत नाही. एक-दोन ठोके पुढं जातो. पण आप्पा वाक्याच्या मध्ये होते. पुढचे शब्द त्यांच्या तोंडातून त्याच आवाजात बाहेर पडले, “—परत प्याय लागली म्हंजे काय करायचं?”

घरभर ते ऐकू गेलं. गल्लीतले सगळेच माग बंद पडले होते. इतकी शांतता की स्वयंपाकघरात चहा उतू गेलेला ऐकू आला.

मला दोन गोष्टी एकदम कळल्या. सासूबाईंनी ऐकलं ही एक. आणि आईनं काल चावी मागितली होती ही दुसरी. दुसरी मला माहीत नव्हती. आप्पांनी ती आम्हाला सांगितली नव्हती. मी आप्पांकडं बघितलं. त्यांचा हात करदोट्यावर होता.

सासूबाई पुढच्या खोलीतून म्हणाल्या, “कोण प्याय लागली?”

आप्पा दारात आले. कपाळावर सुताचे तंतू चिकटलेले. ते म्हणाले, काय न्हाय, शेजारची एक हाय, तिचं बोलत होतो, पैसं मागाय येत्या. खोटं बोलायची त्यांना सवय नाही असं नाही, पण त्या शांततेत ते फारच मोठ्यानं बोलत होते.

आई चहाचं ताट घेऊन आली. ताट स्टुलावर ठेवलं. पदरानं हात पुसले.

“मीच ती,” ती म्हणाली. “मी प्यायची. दीड वर्स झालं, सोडल्या. आणि काल चावी मागितली ते बी खरं हाय. त्यांनी दिली न्हाय.”

सासूबाईंनी चहाकडं बघितलं. कप उचलला नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “बाळाला न्हाऊ कोण घालतंय?”

“मीच.”

त्या उठल्या आणि बाजेवर आक्काजवळ जाऊन बसल्या. बाळ आक्काच्या कुशीत होतं. त्यांनी त्याचं टाळूपासून पायापर्यंत सगळं अंग तपासलं, दुपटं उलगडून, बोटं मोजल्यासारखी. मग आक्काला विचारलं, तुला माहीत होतं? आक्का म्हणाली, लहानपणापासून. मग आमाला का न्हाय सांगितलं? आक्का त्यांच्याकडं बघत म्हणाली, “सांगितलं असतं तर सून करून घेतलं असतं का मला?” त्या वाईट बाई नाहीत. माझ्या आईनं जे बाळ पायावर घेतलं होतं ते त्यांच्या घरातलं पहिलं नातवंड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी गाडी घेऊन आले. बारसं आता सासरीच होणार होतं. मुलीच्या पहिल्या बाळाचं बारसं माहेरात न होता सासरी झालं की गल्ली काय ते समजते. आक्कानं काहीच विरोध केला नाही. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी नाही जात. ती पिशव्या भरत होती. निघताना तिनं आईच्या पायाला हात लावला आणि हळू म्हणाली, “मागितलीस कशाला गं?” आईनं ओठ हलवले, पण आवाज आला नाही. सासूबाईंनी आप्पांकडून चावी मागून घेतली, कपाट उघडलं, बाटली काढून स्वतःच्या पिशवीत ठेवली. दार ओढून घेतलं आणि चावी परत दिली.

गाडी गेल्यावर आई बाजेवर बसली. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. मी तिला हाक मारली तर तिनं वळून बघितलं, पण मला बघितलं असं वाटलं नाही. ती गल्लीच्या टोकाकडं तोंड करून बसली होती. मी कॉलेज चुकवलं. आप्पांनी माग लावला नाही. घरात असं गप्प बसायची आम्हाला सवय नव्हती. आईला सोडून मोरीपर्यंत जायचीसुद्धा भीती वाटत होती. मी मावशींना फोन लावला.

त्या दुपारच्या बसनं आल्या. डोक्यावर सूप, त्यात पानं आणि तंबाखूची पुडकी फडक्यात बांधलेली. एक दिवस बुडवला तर कारखानदार पुढच्या वेळी पानं देत नाही, म्हणून काम घेऊनच आलेल्या. कंडक्टरनं सुपाचं तिकीट मागितलं म्हणून त्याला ऐकवलेलं सगळं त्यांनी चपला काढताना आम्हाला सांगितलं. मग आईच्या समोर फतकल मारून बसल्या, कातरी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “पानं काप. मापाला काप, न्हायतर माझी मजुरी जाईल.”

आई पानं कापायला लागली. पहिली सगळी वाकडी. मावशी एकेक उचलून बाजूला टाकत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, चावी कशाला मागितलीस? आई म्हणाली, “नुसती बघाय पायजे वाटलं. किती उरल्या ती.” मावशी म्हणाल्या, खोटं. आई म्हणाली, व्हय, खोटं. आणि तेव्हा ती रडली. मावशी बिड्या वळत राहिल्या. अंधार पडायच्या आत त्यांना बस गाठायची होती, तरी त्या शेवटच्या बसपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

बारशाचं बोलावणं येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आक्कानं फोन केला. म्हणाली, या. आप्पा आले नाहीत, लाजेनं. आई आणि मी बसनं गेलो. आईनं कुंची आणि झबलं स्वतः शिवलं होतं. बसमध्ये तिनं ती पिशवी मांडीवर धरून ठेवली होती, आणि गाव जवळ येईल तशी तिची पकड घट्ट होत गेली.

अंगण बायकांनी भरलेलं होतं. आम्ही आत शिरलो तसं बोलणं कमी झालं. कुणी या म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. काही बायका आईच्या हातांकडं बघत होत्या, थरथरतात का ते. सासूबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पुढं आल्या. आधी माझ्या कपाळाला लावलं. मग आईच्या.

कुंकू लावताना त्या जरा जास्तच पुढं वाकल्या. त्यांचं बोट कपाळावर टेकलं आणि त्यांनी नाकानं श्वास आत घेतला. मला तो आवाज ऐकू आला. मागं उभ्या बायकांनाही आला असणार, कारण त्यांची चुळबूळ थांबली. मला वाटलं आईचा हात धरावा आणि बस स्टँडवर परत जावं.

आई हलली नाही. तिनं सासूबाईंच्या तोंडाकडं बघितलं, स्वतःचं तोंड उघडलं आणि श्वास सोडला. पूर्ण. सावकाश. दवाखान्यात डॉक्टर सांगतात तसा.

सासूबाईंचं बोट अजून तिच्या कपाळावरच होतं. त्यांनी ते काढून घेतलं. वळून आक्काला म्हणाल्या, “दे त्यांच्याकडं.”

आक्कानं बाळ आणून दिलं. आईनं ते दोन्ही हातांत घेतलं. सासूबाईंनी एक पाट ओढला आणि तिच्या अगदी शेजारी बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ. पाळणा म्हणून होईपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मी आईला दिली. बराच वेळ ती बाहेर बघत होती.

“दर बारीला हुंगणार त्या,” ती म्हणाली.

मी म्हणाले, “व्हय.”

“एक बार चुकले तर परत बाळ देणार न्हाईत हातात.”

बस थांबली, माणसं चढली, पुन्हा सुरू झाली. आईनं रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली. पुढचा रविवार कधी आहे, असं तिनं मला विचारलं. परवाच, मी सांगितलं. मधल्या दिवशी मावशींना बोलवता येईल का, असं तिनं विचारलं. मी लगेच फोन लावला.